योकोहामाचं हॉटेल न्यू ग्रँड: मुक्कामाआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

जपानला निघालेली ओळखीपाळखीची मंडळी टोकियोतल्या हॉटेलांची यादी घेऊन येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, जुनं आणि खानदानी असं कोणतं? माझं उत्तर बहुतेक वेळा टोकियोतलं नसतं. ते योकोहामाच्या बंदरासमोर असतं. त्यानंतर जे प्रश्न येतात ते उत्तरांसह इथे दिले आहेत.

हे हॉटेल नेमकं कुठे आहे? टोकियो सोडून तिथे का राहायचं?

योकोहामा हे जपानमधलं लोकसंख्येने दुसऱ्या क्रमांकाचं शहर आहे, वस्ती ३७ लाखांच्या वर. हॉटेल न्यू ग्रँड त्याच्या जुन्या बंदराच्या काठावर, यामाशिता पार्कसमोर उभं आहे. मधे फक्त रस्ता. रस्त्यापलीकडे बाग, बागेपलीकडे पाणी आणि पाण्यावर १९३० साली बांधलेलं 'हिकावा मारू' हे प्रवासी जहाज, आता कायमचं नांगर टाकून उभं असलेलं. टोकियोच्या शिबुया स्टेशनवरून थेट गाडीने पाऊण तासाच्या आत पोचता येतं, म्हणजे इथे राहूनही टोकियो करता येतं. पण माझं ऐकाल तर निदान दोन रात्री काढा आणि त्यातला एक दिवस कुठेही जाऊ नका.

नावात 'न्यू' आहे, मग जुनं ग्रँड कुठे गेलं?

भूकंपात गेलं. योकोहामा बंदर १८५९ मध्ये परदेशी व्यापाराला खुलं झालं, परदेशी लोक समुद्रकाठी वसले आणि १८७३ मध्ये तिथे ग्रँड हॉटेल सुरू झालं. पन्नास वर्षं ते शहराची शान होतं. १ सप्टेंबर १९२३ रोजी, दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं असताना कांतोचा महाभूकंप झाला. आधी हादरे, मग आग. ग्रँड हॉटेलच काय, बहुतेक सगळं योकोहामा जमीनदोस्त झालं.

त्यानंतरचा प्रश्न साधा आणि रोकडा होता. बोटीने येणाऱ्या परदेशी माणसाला उतरायला जागाच नसेल तर व्यापार कोबे बंदराकडे जाईल, तो परत येणार नाही. म्हणून नगरपालिका आणि शहरातले व्यापारी एकत्र आले आणि १ डिसेंबर १९२७ रोजी न्यू ग्रँड उघडलं. जुन्या हॉटेलचं नाव घेतलं, पण कंपनी वेगळी, जागाही वेगळी. समोरची यामाशिता बागसुद्धा त्याच भूकंपाची: पडलेल्या शहराचा राडारोडा समुद्रात भरून ती जमीन तयार केली आणि १९३० मध्ये बाग खुली झाली. बागेत बाकावर बसलात की तुमच्या पायाखाली आधीचं योकोहामा आहे.

इमारत कोणी बांधली? बाहेरून तर साधीच दिसते.

वास्तुकार जिन वातानाबे. टोकियोच्या गिंझा चौकातली घड्याळाच्या मनोऱ्याची वाको इमारत आणि उएनोतल्या राष्ट्रीय संग्रहालयाची मुख्य इमारत या दोन्ही त्यांच्याच. न्यू ग्रँड त्या दोन्हींच्या आधीचं. बाहेरून ते खरंच साधं आहे: बुटकं, भक्कम काँक्रीटचं, कोपरा गोलसर, आणि त्या कोपऱ्यावर वरच्या बाजूला १९२७ हे साल कोरलेलं. नुकत्याच कोसळलेल्या शहरात कोणी झुंबरांचा मनोरा बांधला नसता.

सगळा थाट आत आहे. रस्त्यावरच्या दारातून आत शिरलं की समोर रुंद दगडी जिना, त्यावर निळा गालिचा. पायऱ्यांच्या टोकाला लिफ्टचं दार, त्याच्या वर घड्याळ आणि घड्याळाच्या मागे क्योतोच्या विणकरांनी विणलेला भरजरी पडदा. त्यावर वाद्यं वाजवणाऱ्या अप्सरा. वर पोचलात की जुनी लॉबी लागते: उंच खिडक्या, महोगनीचे काळपट खांब, जपानी मंदिरातल्या कंदिलांसारखे दिवे आणि त्याखाली पाश्चात्त्य घाटाच्या जड खुर्च्या. खुर्च्यांच्या हातांवरचं कोरीवकाम बोटांनी चाचपून बघा. परदेशी लोकांसाठी खुर्च्या-टेबलं बनवता बनवता योकोहामाच्या सुतारांनी स्वतःची एक घडण तयार केली, तिचे हे नमुने.

एक लक्षात ठेवा. जपानमध्ये आपल्या तळमजल्याला पहिला मजला म्हणतात. त्यामुळे 'दुसऱ्या मजल्यावरची लॉबी' म्हणजे आपला पहिला मजला. लिफ्टमध्ये हा गोंधळ सगळ्यांचाच होतो.

मुख्य इमारतीत खोली घ्यावी की टॉवरमध्ये?

बुकिंग करताना सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. १९९१ मध्ये जुन्या इमारतीला लागून अठरा मजली टॉवर उभा राहिला. मुंबईच्या ताजला जसा जुना महाल आणि शेजारी टॉवर, तसंच. बहुतेक खोल्या टॉवरमध्ये आहेत आणि बुकिंगच्या संकेतस्थळांवर समोर येतात त्याही बहुधा त्याच. घाईत स्वस्त दिसली ती खोली घेतली तर तुम्ही इतिहासाच्या शेजारी झोपाल, इतिहासात नाही.

टॉवरच्या वरच्या मजल्यांवरून बंदराचा देखावा अप्रतिम दिसतो: हिकावा मारू, बे ब्रिज, रात्री मिनातो मिराई या नव्या भागाचे दिवे. खोल्या सरळ, आधुनिक, सोयीच्या. मुख्य इमारतीतून इतकं दूरवर दिसत नाही. समोरच्या रस्त्यावर गिंको वृक्षांची रांग आहे आणि खालच्या खोल्यांतून समुद्र पानांच्या फटीतून बघावा लागतो. काही खोल्यांना तर समुद्र नाहीच, त्या आतल्या अंगणाकडे उघडतात. तरीही मी मुख्य इमारतच सुचवेन. जिथे मजले मोजके, कॉरिडॉर जुना आणि दारं जड, तिथे राहण्यासाठीच तर एवढ्या लांब आलात. देखावा हवा तर बाहेर पडून रस्ता ओलांडा.

जपानी भाषेतल्या पानावर बुकिंग करत असाल तर मुख्य इमारतीला 'होन्कान' म्हणतात. तो शब्द खोलीच्या नावात आहे ना, तेवढं तपासा.

खोली क्रमांक ३१५ ची एवढी चर्चा का?

कारण जपानच्या शरणागतीनंतर अमेरिकेचे जनरल डग्लस मॅकआर्थर पहिल्यांदा झोपले ते या खोलीत. ३० ऑगस्ट १९४५ रोजी त्यांचं विमान आत्सुगीच्या तळावर उतरलं, तिथून मोटारींचा ताफा भाजून निघालेल्या योकोहामातून थेट न्यू ग्रँडवर आला. हवाई हल्ल्यांत शहराचा मोठा भाग जळाला होता, हॉटेल मात्र उभं होतं. स्वागताला हॉटेलचे अध्यक्ष योझो नोमुरा होते. ते मूळचे जुन्या कलावस्तूंचे व्यापारी, परदेशी गिऱ्हाइकांची नस ओळखणारे. मॅकआर्थरना हॉटेल नवीन नव्हतं, १९३७ मध्ये नवपरिणीत पत्नीसह ते इथे येऊन गेले होते. २ सप्टेंबरला समोरच्याच आखातात 'मिसुरी' युद्धनौकेवर शरणागतीच्या सह्या झाल्या.

जनरलच्या त्या मुक्कामातल्या नाश्त्याची एक गोष्ट इथे आवडीने सांगतात. जनरलसाहेबांनी दोन अंडी मागितली, शहरभर शोधून एकच मिळालं, आणि तेव्हा त्यांना कळलं की या देशात खायला काहीच उरलेलं नाही. गोष्टीला किती मीठमसाला लागला असेल ते ज्याचं त्याने ठरवावं. उपासमार मात्र खरी होती.

पुढे टोकियोत मॅकआर्थरनी ज्या दाइ-इची विमा कंपनीच्या इमारतीत आपलं मुख्यालय थाटलं, तिच्या वास्तुकारांतही जिन वातानाबेच होते. हॉटेल अमेरिकी फौजेच्या ताब्यात गेलं ते १९५२ मध्ये सुटलं.

३१५ आज 'मॅकआर्थर स्वीट' म्हणून भाड्याने मिळते. त्यांचं लिहिण्याचं टेबल आणि खुर्ची तिथे आहे. पैसे वेगळे मोजावेच लागतात. मला स्वतःला त्याच मजल्यावरची ३१८ जास्त भावते: कादंबरीकार जिरो ओसारागी हे योकोहामाचेच, त्यांनी सुमारे दहा वर्षं ही खोली लिहिण्यासाठी वापरली. युद्ध जिंकलेल्याची खोली सगळे विचारतात, रोज उठून लिहायला बसणाऱ्याची फारसं कोणी विचारत नाही.

आणखी कोण उतरलं होतं?

चार्ली चॅप्लिन, बेसबॉलचा बेब रूथ. विमानांच्या आधीच्या काळात अमेरिकेहून येणारा माणूस बोटीतून इथेच उतरायचा, त्यामुळे यादी मोठी आहे.

न राहता आत जाऊन बघता येतं का?

येतं, आणि संकोच करू नका. तळमजल्यावरच्या कॅफेत किंवा 'सी गार्डियन २' या बारमध्ये बसायला खोली घ्यावी लागत नाही. निळ्या गालिच्याचा जिना चढून जुनी लॉबी बघायलाही कोणी अडवत नाही, फक्त आवाज बेताचा ठेवा. शनिवार-रविवारी लग्नं असतात. जिन्यावर नवरा-नवरीचे फोटो चालू असतील तर थांबायची तयारी ठेवा. फिनिक्स रूम हा जुना भोजनकक्ष आणि गिलाव्याच्या नक्षीदार कमानी छताची रेनबो बॉलरूम समारंभांसाठी वापरतात, ती उघडी सापडली तर नशीब.

बारमध्ये गेलात तर 'बांबू' मागा. शेरी आणि ड्राय वर्मुथचं हे कॉकटेल जुन्या ग्रँड हॉटेलच्या लुईस एपिंगर या व्यवस्थापकाने योकोहामातच प्रसिद्ध केलं.

जेवणाचं काय? 'इथेच जन्मलेले पदार्थ' म्हणतात ते कोणते?

तीन. आणि तिन्ही आता जपानच्या घराघरांत, शाळांच्या डब्यांत, स्टेशनवरच्या काचेच्या कपाटांत पोचलेले आहेत.

पहिला सीफूड डोरिया. हॉटेलचे पहिले मुख्य आचारी सॅली वाइल, मूळचे स्वित्झर्लंडचे, पॅरिसहून आणलेले. त्यांनी मेन्यूकार्डावर लिहून ठेवलं होतं की यात नसलेलं काही हवं असेल तर तेही सांगा, करून देऊ. एका आजारी पाहुण्याला घशाखाली सहज उतरेल असं काही हवं होतं. वाइलनी लोण्यातल्या भातावर कोळंबीचा मलईदार रस्सा, त्यावर सॉस आणि चीज घालून भट्टीत लालसर भाजून दिलं. आजाऱ्याचं पथ्य म्हणजे आपल्याकडे मऊभात आणि मेतकूट. इथे ते असं झालं!

दुसरा स्पॅगेटी नेपोलिटन. नाव नेपल्सचं, पदार्थ पक्का योकोहामाचा. हॉटेल अमेरिकी फौजेकडे असताना सैनिक उकडलेल्या स्पॅगेटीवर केचप ओतून खायचे. दुसरे मुख्य आचारी शिगेतादा इरिए यांना ते बघवेना. त्यांनी टोमॅटो, कांदा, लसूण यांचा रीतसर सॉस करून त्यात हॅम आणि मशरूम घातले. गंमत म्हणजे बाकी जपानने केचपच धरून ठेवला. केचपवाली आवृत्ती खायची तर योकोहामाच्याच नोगे भागात १९४६ पासून चालू असलेलं 'सेंटर ग्रिल' आहे. दोन्ही खाऊन बघा, भांडण तुमच्या टेबलावर सोडवा. मी केचपच्या बाजूने आहे, पण हॉटेलात हे बोलत नाही.

तिसरा पुडिंग आ ला मोद. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या बायकांना खूश करायला साध्या कॅरमल पुडिंगभोवती आइस्क्रीम आणि कापलेली फळं रचली. ते बशीत मावेना, म्हणून लांबट होडीसारखं काचेचं भांडं वापरलं.

तिन्ही पदार्थ तळमजल्यावरच्या कॅफेत मिळतात. जेवणाच्या वेळी रांग असते, दुपारी तीननंतर जा.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण बेसावध राहिलात तर नकळत मासे खाल. जपानमध्ये 'शाकाहारी' म्हटलं की अनेकांना वाटतं, मांसाचे तुकडे नकोत. रश्श्यात सुकट माशाचा अर्क असतो तो त्यांच्या लेखी मासा नसतोच. पाश्चात्त्य सूपमध्ये कोंबडीचं पाणी असतं. वरच्या तीन पदार्थांपैकी डोरियात कोळंबी, नेपोलिटनमध्ये हॅम आणि पुडिंगमध्ये अंडं.

उपाय म्हणजे बुकिंग करतानाच लेखी कळवा, आणि 'शाकाहारी' हा एक शब्द लिहून थांबू नका. मांस, मासे, कोळंबी, त्यांचा अर्क किंवा सूप, जिलेटिन, अंडं, यातलं काय चालत नाही ते एकेक लिहा. जैन असाल तर कांदा, लसूण, बटाटाही. जपानी स्वयंपाकघराला आधी चार दिवस मिळाले तर ते मनापासून करतात, पण ऐन वेळी टेबलावर सांगितलं तर फक्त मान लववून दिलगिरी मिळते. तोंडी सांगायचं झालं तर हे वाक्य कामाचं आहे: 'निकु मो, साकाना मो, दाशी मो ताबेमासेन', म्हणजे मांस, मासे आणि त्यांचा अर्क यातलं काहीच खात नाही.

चायनाटाऊन हॉटेलपासून चालत काही मिनिटांवर आहे. बघायला जरूर जा, शाकाहारी जेवणाच्या आशेने जाऊ नका. योकोहामात भारतीय खानावळी भरपूर आहेत, दोन दिवसांत तोंड विटलं की तिसऱ्या दिवशी डाळ-भात मिळेल. ठेपले, चटण्या, लाडू आणलेत तर बिनधास्त खोलीत खा. खोलीत किटली असते आणि नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

विमानतळावरून कसं यायचं?

हानेदावर उतरलात तर केइक्यू रेल्वेने योकोहामा स्टेशन, साधारण अर्धा तास. तिथून मिनातोमिराई लाइनने शेवटचं स्टेशन मोतोमाची-चुकागाई. बाहेर पडायला १ नंबरचं दार पकडा, हॉटेल एका मिनिटावर. दुसऱ्या दाराने वर आलात तर चायनाटाऊनच्या गर्दीत बॅगा ओढत फिराल. नारितावरून थेट एक्स्प्रेस आहे, योकोहामापर्यंत दीड तास. जपान रेल पास घेतला असेल तर तो मिनातोमिराई लाइनवर चालत नाही, तिचं तिकीट वेगळं.

सामान फार आहे. जिना चढावा लागतो का?

नाही. तो जिना फोटोसाठी. सामान घेऊन टॉवरच्या बाजूच्या लॉबीत या, चेक-इन तिथेच होतं आणि लिफ्टही आहेत. पासपोर्ट हाताशी ठेवा, जपानमध्ये न राहणाऱ्या परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची नोंद घेणं हॉटेलांना कायद्यानेच बंधनकारक आहे.

पुढे क्योतो-ओसाकाला जाणार असाल तर मोठ्या बॅगा काउंटरवरूनच 'ताक्क्युबिन' या कुरिअरसेवेने पुढच्या हॉटेलवर पाठवून द्या. बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात. बुलेट ट्रेनमध्ये दोन मोठ्या सुटकेस आणि सासूबाई एकत्र सांभाळण्यापेक्षा हे बरं.

बिलात न सांगितलेलं काही येतं का?

जपानच्या मोठ्या हॉटेलांत साधारणपणे १० ते १५ टक्के सेवाशुल्क आणि १० टक्के उपभोग कर असतो. काही संकेतस्थळं दोन्ही धरून भाव दाखवतात, काही शेवटच्या पानापर्यंत दाखवत नाहीत. शिवाय जपानी संकेतस्थळांवर भाव अनेकदा माणशी असतो, खोलीचा नाही. दोघांसाठी बघताना हे आधी तपासा. टिप देऊ नका. ठेवलीत तर 'विसरलात' म्हणून मागे धावत येऊन परत करतील.

पोहण्याचा तलाव, भलीमोठी खोली, बायकोला हवा तसा स्पा?

त्यासाठी मिनातो मिराईतली नवी हॉटेलं घ्या. न्यू ग्रँडचं वैभव जुन्या पद्धतीचं आहे: चांगलं लाकूड, चांगला कपडा, आणि तीस वर्षं एकाच काउंटरवर उभा असावा असा वाटणारा कर्मचारी. हे ज्याला दिसत नाही त्याला खोली जुनाट वाटेल, आणि त्यात त्याची चूक नाही.

भूकंप झाला तर?

छोटे हादरे होतातच. मुख्य इमारतीचं भूकंपरोधक मजबुतीकरण २०१६ मध्ये पूर्ण झालं आहे. खोलीच्या दारामागे बाहेर पडायच्या वाटेचा नकाशा असतो, तो पहिल्याच रात्री बघून ठेवा. हादरे चालू असताना धावू नका, डोकं सांभाळून टेबलाखाली जा आणि थांबल्यावर कर्मचारी सांगतील ते करा.

इथे भारताशी संबंधित काही आहे का?

आहे, आणि हॉटेलसमोरच आहे. यामाशिता बागेत घुमटाची एक छोटी वास्तू दिसेल. आत पाणी पिण्याचं कारंजं आणि वर रंगीत मोझेकचं छत. ती १९३० च्या दशकाच्या अखेरीस योकोहामातल्या भारतीय व्यापाऱ्यांनी बांधून शहराला दिली. हे बहुतेक रेशमाच्या धंद्यातले लोक. १९२३ च्या भूकंपात त्यांचीही माणसं गेली, आणि उरलेल्यांना योकोहामाकरांनी आधार दिला. मेलेल्यांची आठवण आणि जगलेल्यांची कृतज्ञता असं दोन्ही त्या कारंज्यात आहे. दरवर्षी १ सप्टेंबरला तिथे लोक जमतात. बहुतेक भारतीय पर्यटक पाठमोरं उभं राहून जहाजाचा फोटो काढतात आणि निघून जातात.

त्याहून जुना धागा १८९३ चा. शिकागोला निघालेले स्वामी विवेकानंद योकोहामात ओरिएंटल हॉटेलात उतरले होते, तिथून त्यांनी मद्रासच्या शिष्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्धच आहे. इथून व्हँकुवरला जाणाऱ्या 'एम्प्रेस ऑफ इंडिया' बोटीवर जमशेटजी टाटाही होते. दहा वर्षांनी त्यांनीच मुंबईच्या बंदरासमोर ताज उघडलं. मुंबई आणि योकोहामा १९६५ पासून भगिनी शहरंही आहेत.

कोणत्या दिवसांत जावं?

नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा पहिला आठवडा. समोरचे गिंको पिवळेधमक झालेले असतात, आणि मुख्य इमारतीच्या ज्या खोल्यांतून एरवी झाडं समुद्र अडवतात त्याच खोल्या तेव्हा सगळ्यात देखण्या. जून-जुलैचा पाऊस आपल्याला काही नवा नाही, पण ऑगस्टचा दमट उकाडा कोकणाला लाजवेल, तो टाळा.

३१ डिसेंबरची रात्रही खास असते. बाराच्या ठोक्याला बंदरातल्या बोटी एकदम भोंगे वाजवतात आणि बागेत गर्दी लोटते. त्या रात्रीची खोली मिळवायची तर बरेच महिने आधी मागे लागा, ऑक्टोबरमध्ये फोन करून उपयोग नाही.